भांडं उपडं करून बघा

मी बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? इथे, ओट्यावर, मिक्सरच्या शेजारी. हो, मीच, विजेचा भातकुकर. आवाज चढलेला वाटला तर वाटू दे. चिडलोच आहे मी. आणि एकदा तापलो की मला गार व्हायला वेळ लागतो.

आधी जन्म सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. कारखान्यात मला पत्र्याचा घेर बसवला, आत तापणारी तबकडी बसवली आणि तबकडीच्या मधोमध स्प्रिंगवर एक बटण ठेवलं. हे बटण म्हणजे माझी सगळी अक्कल. माझ्या आत एक भांडं बसतं. त्याचं बूड तबकडीवरही टेकतं आणि बटणावरही. भांड्यात पाणी आहे तोवर बूड एका मर्यादेपलीकडे तापत नाही. पाणी आटलं, भात झाला, की उष्णता वाढते, ती बटणाला कळते आणि मी 'टक्' करून थांबतो. तांबडा दिवा जातो, पिवळा लागतो. शिट्टी नाही, फुसफुस नाही, आरडाओरडा नाही. पण यासाठी भांड्याचं बूड सपाट लागतं. हे एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झालाय.

माझं लहानपण खोक्यात गेलं, कारण मी आहेर होतो. श्रीनिवास आणि ऋजुता या नवराबायकोंनी खराडीला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दोघंही आयटीतली. वास्तुशांतीला कुणीतरी मला दिलं. ऋजुताने खोकं हलवून बघितलं, "कुकर दिसतोय," म्हणाली, आणि मी माळ्यावर गेलो. पुण्यात आहेराची वस्तू वापरायची नसते, पुढच्या घरी द्यायची असते. मला दोनदा खाली काढलं, दोन्ही वेळा 'हा त्यांनीच तर दिला नव्हता ना?' या धास्तीने पुन्हा वर ठेवलं. खालच्या गप्पा ऐकत मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलो होतो. तेव्हाही मी चिडलो होतो, पण तो राग किरकोळ होता.

माझं नशीब उघडलं ते एका उतू गेलेल्या दुधामुळे.

श्रीनिवासची आई, वासंतीबाई, इथे कर्वेनगरला एकट्या राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. बाईंनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. ऑपरेटर होत्या. पूर्वी फोन करायचा तर मध्ये एक बाई असायची ना, 'नंबर प्लीज' म्हणणारी, त्यांतल्या या. कोणत्या डॉक्टरचा कोणता नंबर, कोणत्या छापखान्याचा कोणता, सगळं तोंडपाठ. अजून पाठ आहे. त्यांतला एकही नंबर आता लागत नाही, हा भाग वेगळा.

तर एकदा बाईंनी दूध तापत ठेवलं आणि मैत्रिणीचा फोन आला म्हणून बाल्कनीत गेल्या. दूध उतू गेलं, पातेलं जळलं, धूर झाला. शेजारच्यांनी बेल वाजवली. झालं एवढंच. अहो, दूध कुणाचं उतू जात नाही? पण शेजारच्यांनी खराडीला फोन केला आणि रविवारी श्रीनिवास तोंड लांब करून आला.

"आई, तू एकटी असताना गॅस नको. मी लायटर घेऊन जातोय."

"काडेपेटीने लावता येतो गॅस," बाई म्हणाल्या.

त्याने काडेपेटीही घेतली. देवाजवळची सुद्धा! देवापुढे विजेवरची लुकलुकणारी समई बसवून दिली. पुढच्या रविवारी मला घेऊन आला. "खास तुझ्यासाठी आणलाय," म्हणाला.

बाईंनी खोकं उघडलं. आत, माझ्या झाकणाखाली, वास्तुशांतीची चिठ्ठी तशीच होती, 'चि. श्रीनिवास व सौ. ऋजुता यांस अनेक आशीर्वाद'. बाईंनी ती वाचली, घडी घालून पदराआड केली आणि म्हणाल्या, "छान आहे. कागदसुद्धा जपून ठेवलायस." मी तिथेच ओळखलं, ही बाई साधी नाही. आपलं जमणार.

आणि जमलंच! पहिल्या दिवशी त्या माझ्यासमोर स्टूल टाकून शिट्टीची वाट बघत बसल्या. शिट्टी कुठली यायला! मी टक् केलं तर दचकल्या. झाकण काढलं, शीत दाबून बघितलं. "झालं का रे? मग सांगायचं तरी नीट," म्हणाल्या. तेव्हापासून रोज मी टक् करायचो आणि त्या आतून, कुठेही असल्या तरी, "झालं का रे?" म्हणायच्या. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून यायच्या, पण भात घरचा, माझ्या हातचा. म्हणजे हात नाहीत मला, तुम्हाला कळलं काय म्हणायचंय ते. गरम भात, ताक, मेतकूट. बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या वेळेला, स्वतःचं जेवत होत्या. सकाळी मैत्रिणींबरोबर कालव्याच्या कडेने फिरून यायच्या, आल्या की मला लावायच्या. त्यांना आणखी काही नको होतं. मलाही नको होतं.

आता तो रविवार ऐका.

दर रविवारी श्रीनिवास मंडळी येतात. त्या दिवशी बॅगेतून लायटर बाहेर निघतो, गॅस पेटतो आणि मला सुट्टी असते. त्या रविवारी साहेबांना हुक्की आली, मसालेभात मी करणार! बाई बाल्कनीत नातीची वेणी घालत बसल्या होत्या. हा ओट्याशी. माझं भांडं बाहेर काढलं आणि मोठ्या शेगडीवर ठेवलं. थेट ज्योतीवर! मी ओट्यावर उघडा बोंबलतोय, अरे ते गॅसचं भांडं नाही, पातळ आहे, त्याला आच सोसत नाही. माझं कोण ऐकतो? त्यात फोन वाजला. ऑफिसचा, रविवारी सुद्धा. रिकामं भांडं रसरसून तापलं, मग याने तेल ओतलं, मोहरी टाकली, ती क्षणात कोळसा. धूर! घाबरून याने ते तसंच धगधगतं भांडं नळाच्या गार पाण्याखाली धरलं. 'छ्स्स' झालं आणि 'ठक्' असा आवाज आला. तो माझ्या भांड्याचं बूड फुगल्याचा आवाज होता.

"कसला रे वास?" बाईंनी बाल्कनीतून विचारलं.

"काही नाही, मोहरी जरा जास्त तडतडली."

ऋजुता दारात उभी राहून हसत होती. श्रीनिवासने भांडं खसाखसा घासलं, पुसलं, माझ्यात ठेवलं आणि मसालेभात दुसऱ्या पातेल्यात केला. तोंडली घातलेला. आणि हा प्रसंग तो साफ विसरून गेला. लपवलं असतं तर मी समजू शकलो असतो. लपवणाऱ्याच्या लक्षात तरी असतं! हा विसरला. लक्षात ठेवा, कोण विसरला ते.

सोमवारी बाईंनी नेहमीसारखे तांदूळ धुतले, नेहमीएवढंच पाणी घातलं, बाहेरचं बटण दाबलं. माझं भांडं आता डुगडुगत होतं. बूड मधे फुगलेलं, त्यामुळे मधे टेकतंय आणि कडेला अधांतरी. माझी तबकडी तापली, पण तिची उष्णता भांड्यात जाईचना. ती नुसती जागच्या जागी भडकली. आतल्या बटणाला वाटलं, झाला भात. टक्!

"झालं का रे?"

नव्हतं झालं. मधे करपलं होतं आणि कडेला कच्चं. बाईंनी झाकण काढलं आणि कितीतरी वेळ आत बघत राहिल्या. "पाणी कमी पडलं वाटतं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी जास्त घातलं. मधे करप, वर गिच्च गोळा. तिसऱ्या दिवशी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मी पुन्हा पुन्हा टक्. बाईंनी तो भात टाकून पोहे भिजवले आणि दुधाबरोबर खाल्ले. फोनवर मुलाला सहज बोलून गेल्या, "अरे, भात बिघडतोय हल्ली."

बस. एवढं वाक्य पुरलं त्याला.

रविवारी श्रीनिवास माझ्या दुरुस्तीला बसला. मोबाइलवर कुणाचातरी व्हिडिओ लावला, तोही भरभर पळवत. माझी वायर बदलली. भिंतीतला प्लग बदलला. मला उचलून हॉलमधल्या प्लगला लावलं. मला पालथा करून हलवलं, कानाशी धरून वाजवलं. मी काय नारळ आहे? मग बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. "दिवा लागतोय की," म्हणाला. दिवा लागायला काय झालंय! दिवा लागणं आणि भात शिजणं एकच असतं का? एवढं सगळं उलटंसुलटं केलं, फक्त एक भांडं तेवढं उपडं करून बघितलं नाही.

मग मला तपकीर गल्लीत, विजेच्या वस्तूंच्या एका दुकानात नेलं. एकट्याला! भांडं बाईंनी सिंकमध्ये भिजत घातलं होतं, ते राहिलं घरी. दुकानदार घाईत होता. त्याने आपलंच एक भांडं माझ्यात बसवलं, पाणी घालून लावून दिलं. सपाट बुडाचं, व्यवस्थित भांडं. माझी अक्कल ताबडतोब ठिकाणावर आली, पाणी आटल्यावर मी मुकाट्याने टक् केलं. काय करू, खोटं वागता येत नाही मला. "ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "वापरणाऱ्याला नीट वापरायला सांगा."

अहो, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! ओरडावंसं वाटलं, अरे, भांडं आण, घरचं भांडं आण! गाडीतून परत येताना श्रीनिवास ऋजुताशी फोनवर बोलत होता आणि मी त्याच्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसलेला.

"कुकर ओके आहे. म्हणजे आईच... हो, मलाही तीच भीती होती. आधी दूध, आता हे. पाणी घातलं की नाही तेच लक्षात राहत नसणार. आता एकटं ठेवणं रिस्की आहे."

त्या दिवसापासून या माणसाने माझी तपासणी सोडली आणि आईची सुरू केली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "आई, आज वार कोणता? काल काय जेवलीस? शंभरातून सात वजा करत जा बघू." बाई करायच्या. सगळं बरोबर यायचं. पण भात काही बरोबर यायचा नाही! आणि मग त्या फोन ठेवून माझ्यासमोर यायच्या. तांदूळ घालताना मोठ्याने म्हणायच्या, "एक वाटी तांदूळ. घातले. दोन वाट्या पाणी. घातलं." मग भांड्यात बोट बुडवून बघायच्या. मग पुन्हा म्हणायच्या, "घातलं ना मी?" बटण दाबून झालं की तिथेच उभं राहून पुटपुटत जुने फोननंबर म्हणायच्या, एकामागून एक, डॉक्टर, छापखाना, अग्निशामक. आपलं डोकं जागेवर आहे का, ते तपासत होत्या. आणि मी मधेच टक् करून त्यांना खोटं पाडत होतो.

मला वाचा असती ना, तर त्या दिवसांत मी या घराच्या भिंती हादरवल्या असत्या.

मग निर्णय झाला. म्हणजे श्रीनिवासने घेतला. बाईंनी खराडीला जायचं. चौदाव्या मजल्यावर, तिकडच्या छोट्या खोलीत. हे घर भाड्याने द्यायचं, एक कुटुंब येत्या रविवारी बघायला येणार. "तुला तिथे काही करावं लागणार नाही, आई," तो म्हणाला. या वाक्याचा त्याला अभिमान होता, बघा. शहात्तर वर्षांच्या बाईला तुला काही करावं लागणार नाही म्हणून सांगायचं आणि वर तिने खूश व्हायचं!

"बरं," बाई म्हणाल्या. भांडल्या नाहीत. त्यांचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, भांडणार कशाच्या जोरावर?

त्या आठवड्यात बाई स्वयंपाकघर आवरायला लागल्या. काय न्यायचं, काय कुणाला द्यायचं. एका दुपारी सगळी भांडी ओट्यावर मांडली. माझं भांडंही काढून ग्रॅनाइटवर ठेवलं. हाताचा धक्का लागला आणि ते गोल फिरलं. थांबलं आणि डुगडुगत राहिलं.

बाई थबकल्या. बोटाने पुन्हा ढकललं. पुन्हा गिरकी.

रोज त्या हेच भांडं घासत होत्या, धरत होत्या, पण इतके दिवस भांड्यात खोट शोधलीच नव्हती त्यांनी. स्वतःत शोधत होत्या. आता त्यांचे डोळे बारीक झाले. "तव्याला पोट आलं की पोळी अशीच होते," त्या हळूच म्हणाल्या. "मधे करपते, कडेला कच्ची." मग चष्मा लावला, खिडकीशी गेल्या आणि माझं भांडं उपडं केलं.

बुडावर शेगडीच्या स्टँडचे काळपट डाग उमटले होते. चार बाजूंना चार.

बाई स्टुलावर बसल्या. आधी मला वाटलं हसतायत. रडत होत्या. मग उठल्या, डोळे पुसले आणि ओट्यावर मांडलेली सगळी भांडी एकेक करून परत फडताळात लावली. आणि मुलाला फोनसुद्धा केला नाही. रविवारची वाट बघितली. काय बाई आहे!

रविवारी श्रीनिवास, ऋजुता, नात, सगळे आले. "आई, ते लोक बारापर्यंत येतील घर बघायला," श्रीनिवास म्हणाला.

"येऊ देत. तू आधी इकडे बस." बाईंनी जेवणाच्या टेबलावर माझं भांडं ठेवलं आणि एका बोटाने ढकललं. ते भोवऱ्यासारखं फिरलं. मी ओट्यावरून बघत होतो.

"हे असं फिरायला हवं का रे?"

"नाही... सपाट हवं ते."

"आता उपडं कर. ते डाग कसले?"

"गॅसवर ठेवलेलं दिसतंय. आई! तू हे गॅसवर..."

"लायटर कुणाच्या बॅगेत असतो, श्री?"

नात तेवढी भांडं फिरवत होती.

"आता मी विचारते, तू सांग," बाई म्हणाल्या. "मसालेभात केलास तो वार कोणता? भाजी कोणती घातली होतीस? मी बाल्कनीतून काय विचारलं आणि तू काय उत्तर दिलंस?"

श्रीनिवासने ऋजुताकडे बघितलं. त्याला खरंच आठवत नव्हतं.

"रविवार होता. तोंडली होती. तुझ्या अंगात निळा शर्ट होता, बाहीला करपट तेल उडालं होतं. मी वास कसला म्हणून विचारलं, तू म्हणालास, मोहरी जरा जास्त तडतडली." बाईंचा एक शब्द अडला नाही. "पोट याच्या बुडाला आलंय. माझ्या डोक्याला काही झालेलं नाही. हे कळायला मला माझं अख्खं घर आवरायला लावलंस तू."

"अरे, तू ते नळाखाली धरलं होतंस!" ऋजुताने कपाळाला हात लावला. "मी बघितलं होतं. मी पण विसरले. सॉरी, आई."

श्रीनिवासने फिरणारं भांडं हाताने थांबवलं. "आई... मी... सॉरी. मी नवीन कुकर आणतो. चांगल्यातला, डिजिटल."

नवीन! ऐकलंत? करणार हा, भोगणार आम्ही, आणि वर घरातून मी जायचं! पण बाई बाई आहेत.

"नवीन नको. याला काय झालंय? याला भांडं आण. त्या लोकांना फोन कर, घर द्यायचं नाही म्हणून सांग. आणि लायटर इथे ठेव. काडेपेटीही."

त्याने बॅग उघडली आणि लायटर ओट्यावर ठेवला. माझ्या अगदी शेजारी. काडेपेटी खालच्या दुकानातून आणायला तो स्वतः जिना उतरून गेला. संध्याकाळी देवापुढे खरी समई लागली.

आता मला नवीन भांडं आहे. सपाट, माझ्या मापाचं. भात पूर्वीसारखा होतो, शीत न् शीत मोकळं. श्रीनिवास रविवारी येतो तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळतो. टाळू दे. माझी माफी कुणी मागितलेली नाही, आणि मी ते विसरणारही नाही.

पण माझा राग त्यासाठी नाही. गोष्ट इथे संपली असती तर मी केव्हाच गार झालो असतो.

आज सकाळी बाई फिरून आल्या, तांदूळ धुतले, पाणी घातलं. झाकण ठेवलं. बटणाकडे हात नेला आणि थांबल्या. झाकण पुन्हा काढलं, भांड्यात बोट बुडवलं. "घातलं ना मी?" अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या. रोज म्हणतात. भांडं बदललं, घर राहिलं, लायटर आला, तरी रोज म्हणतात. मुलाने बाईंच्या मनात घातलेली ही शंका काढून द्यायला तपकीर गल्लीत कुठलं दुकान आहे, सांगता का मला?

नाही ना? मग ऐका. तुमच्या घरी एखादं म्हातारं माणूस भात बिघडला म्हणालं, दिवा लागत नाही म्हणालं, दार नीट बसत नाही म्हणालं, तर हात जोडून सांगतो, आधी ती वस्तू बघा. पूर्ण बघा. भांडं उपडं करून बघा. माणसाला वार विचारायला जन्म पडलाय.

थांबा, भात होत आला. मी टक् करतो. जरा जोरातच करतो हल्ली, आतल्या खोलीपर्यंत जावं म्हणून.

"झालं का रे?"

झालं, बाई. पाणी बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून बरोबरच होतं.